आनंदीबाई जोशी : सातासमुद्रापलीकडची तीन वर्षे

(बी. ए. भाग २)

परक्या मुलखात जाऊन पडलेल्या तरुण माणसाची गोष्ट लोकांना नेहमीच आवडत आली आहे. कादंबऱ्यांत ती आहे, नाटकांत आहे, पडद्यावर आहे. भाषा वेगळी, हवा वेगळी, जेवण वेगळे आणि आपले म्हणावे असे कोणी नाही. अशा ठिकाणी माणूस कसा उभा राहतो हे पाहण्याचे कुतूहल प्रत्येकाला असते. मराठी माणसाला अशी गोष्ट शोधायला दूर जावे लागत नाही. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे आयुष्य ही ती गोष्ट आहे. श्री. ज. जोशी यांनी १९६८ साली ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी लिहिली आणि घरोघरी हे नाव पोहोचले. पुढे तिच्यावरून नाटक झाले. कमलाकर सारंग यांनी दिग्दर्शित केलेली ‘आनंदी गोपाल’ ही हिंदी मालिका दूरदर्शनवर दाखवली गेली, आणि २०१९ साली मराठी चित्रपटही आला.

इतके सगळे झाल्यावर त्यांच्यावर आणखी एक लेख कशाला, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे की, शाळेच्या पुस्तकात आनंदीबाई आपल्याला दोन ओळींत भेटतात. लहानपणी लग्न झाले, नवऱ्याने शिकवले, अमेरिकेत जाऊन त्या डॉक्टर झाल्या आणि परत आल्यावर वारल्या. या दोन ओळींच्या मध्ये अमेरिकेतली तीन वर्षे आहेत आणि ती वर्षे त्यांनी एकटीने काढली आहेत. त्या वर्षांबद्दल मला लिहावेसे वाटते.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. माहेर कल्याणचे जोशी. घर एके काळी सुखवस्तू होते, पुढे उतरती कळा लागली. माहेरचे नाव यमुना. नवव्या वर्षी तिचे लग्न गोपाळराव जोशी यांच्याशी झाले. गोपाळराव पोस्टात कारकून, बिजवर आणि तिच्यापेक्षा सुमारे वीस वर्षांनी मोठे. मुलीला शिकवू दिले पाहिजे या अटीवर त्यांनी हे लग्न केले. ती अट त्या काळात इतकी विचित्र होती की, लोकांनी गोपाळरावांना चक्रम ठरवले. यमुनेची आनंदी झाली आणि तिचा अभ्यास सुरू झाला.

या अभ्यासाचे कौतुक करताना एक गोष्ट आपण नेहमी झाकून ठेवतो. गोपाळराव तापट होते. इतर घरांत बायको पुस्तक घेऊन बसली म्हणून मार खाई; या घरात ती अभ्यास सोडून स्वयंपाकघरात रमली म्हणून मार खाई. हेतू कितीही थोर असला तरी पाठीवर बसणारा तडाखा तोच असतो. ही गोष्ट पुढे पुन्हा येणार आहे, म्हणून इथे सांगून ठेवते.

चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला. तो दहा दिवस जगला. वेळेवर नीट औषधपाणी मिळाले असते तर बाळ वाचले असते ही सल त्यांच्या मनात कायमची राहिली. त्या काळी बायका पुरुष डॉक्टरपुढे जात नसत आणि स्त्री डॉक्टर तर कुठे नव्हतीच. आमच्या वऱ्हाडातल्या जुन्या बायकांना हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. माझ्या आजीची सगळी बाळंतपणे घरात, सुईणीच्या हातून झाली. किती मुले झाली असे विचारले की ती आधी झालेल्यांचा आकडा सांगते आणि मग जगलेल्यांचा. आनंदीबाईंना डॉक्टर व्हावेसे का वाटले, हे मला त्या दोन आकड्यांच्या मधल्या फरकावरून चटकन कळले.

गोपाळरावांच्या बदल्या होत गेल्या. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता आणि शेवटी कलकत्त्याजवळचे श्रीरामपूर. कोल्हापूरला असताना, १८७८ साली, त्यांनी पत्नीच्या शिक्षणासाठी वाइल्डर नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिले. वाइल्डर यांनी ते आपल्या मासिकात छापले आणि उत्तरात ख्रिस्ती होण्याचा सल्ला दिला. तो जोशी पतिपत्नींनी मानला नाही आणि प्रकरण तिथेच मिटल्यासारखे झाले. पण १८८० साली न्यू जर्सीमधल्या रोझेल गावच्या थिओडिसिया कार्पेंटर या बाई दातांच्या डॉक्टरकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या होत्या. तिथे पडलेला तो जुना अंक त्यांनी सहज उघडला, पत्र वाचले आणि घरी जाऊन या अनोळखी मुलीला लिहायला बसल्या. तेव्हापासून दोघींची पत्रे सुरू झाली. एकमेकींचे तोंडही न पाहिलेल्या या बाईंना आनंदीबाई मावशी म्हणू लागल्या.

या पत्रांच्या काळातच आनंदीबाईंची तब्येत बिघडली होती. अशक्तपणा, सतत डोकेदुखी, मधूनमधून ताप, कधी दम लागणे. कार्पेंटर मावशींनी अमेरिकेतून औषधे पाठवली, पण गुण आला नाही. म्हणजे परदेशी जाण्याआधीच हे शरीर थकलेले होते. अमेरिकेच्या थंडीने त्यांचा बळी घेतला असे आपण सरसकट म्हणतो तेव्हा हे लक्षात ठेवायला हवे.

अमेरिकेला जायचे ठरले तेव्हा गोपाळरावांना सोबत जाणे जमण्यासारखे नव्हते. त्यांनी पत्नीला एकटीला पाठवायचे ठरवले. चहूकडून टीका सुरू झाली. हिंदूंना हे समुद्र ओलांडणे मान्य नव्हते आणि ख्रिस्ती मंडळींना ती हिंदू राहून जाणे पसंत नव्हते. तेव्हा २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या कॉलेजात आनंदीबाईंनी भर सभेत इंग्रजीत भाषण केले. श्रीरामपूर हे मराठीच्या विद्यार्थ्यांना परके नसावे. विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण १८०५ साली याच गावात छापले गेले. तिथे अठरा वर्षेही पुरी न झालेल्या या मुलीने एकेका आक्षेपाला उत्तर दिले. हिंदुस्थानात हिंदू स्त्री डॉक्टर हवी आहे; आपण इथे राहून शिकू पाहतो तर रस्त्यावरचे लोक टिंगल करतात; आणि आपण हिंदू म्हणून जाणार व हिंदू म्हणूनच परत येणार, असा त्या भाषणाचा आशय होता. हे शेवटचे वाक्य बोलणे सोपे होते. ते पाळणे किती अवघड आहे हे पुढच्या तीन वर्षांत कळायचे होते.

७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून आगबोट निघाली. सोबतीला मिशनरी बायका होत्या, पण आपले माणूस एकही नव्हते. सुमारे दोन महिन्यांनी, ४ जूनला, त्या न्यूयॉर्कला उतरल्या. वय अठरा वर्षे दोन महिने, म्हणजे आज आपल्या महाविद्यालयात पहिल्या वर्षाला असणाऱ्या मुलीचे. धक्क्यावर कार्पेंटर मावशी घ्यायला आल्या होत्या. तीन वर्षे कागदावर असलेले नाते पहिल्यांदा समोरासमोर उभे राहिले. रोझेलच्या घरात आनंदीबाईंचा तो उन्हाळा फार सुखाचा गेला. परदेशी गेलेल्या कितीतरी जणांना पहिल्या दिवशी दार उघडणारे माणूस मिळत नाही. त्यांना ते मिळाले, ही त्यांच्या कहाणीतली भाग्याची गोष्ट.

पेनसिल्व्हानियाचे स्त्रियांचे वैद्यकीय महाविद्यालय फिलाडेल्फिया शहरात १८५० साली निघाले होते. केवळ स्त्रियांना डॉक्टर करणाऱ्या जगातल्या अगदी पहिल्या संस्थांपैकी ते एक. रेचेल बॉडली या तिथल्या प्रमुख होत्या. त्यांनी आनंदीबाईंना प्रवेश दिला आणि तीन वर्षांसाठी सहाशे डॉलरची शिष्यवृत्तीही मिळाली. १८८३ च्या ऑक्टोबरात अभ्यास सुरू झाला. मावशींचे घर मागे राहिले आणि खऱ्या अर्थाने परदेश सुरू झाला.

पहिला प्रश्न कपड्यांचा आला. नऊवारी लुगडे हा आपल्याकडचा अब्रूदार पोशाख. पण नेसल्यावर पोटऱ्या उघड्या राहतात. फिलाडेल्फियाच्या थंडीत ते अंगाला सोसण्यासारखे नव्हते आणि तिथल्या लोकांच्या नजरेला ते सभ्यही वाटत नव्हते. बायकांचे पाय दिसणे तिथे लाजिरवाणे मानले जाई. आनंदीबाईंनी यावर विचार केला. तिथला झगा घालणे सगळ्यात सोपे होते, पण तो त्यांनी घातला नाही. त्या गुजराती पद्धतीचे पातळ नेसू लागल्या. पाय झाकले गेले, ऊबही मिळाली आणि लुगडे सुटले तरी साडी सुटली नाही. हा बदल कसा आणि का केला हे त्यांनी नवऱ्याला पत्राने कळवले.

दुसरा प्रश्न अन्नाचा. मांस खायचे नाही असे वचन देऊन त्या निघाल्या होत्या. जिथे रोजच्या जेवणातच मांस आहे अशा देशात त्या शाकाहारी राहिल्या. हाताने शिजवायचे, दिवसभर व्याख्याने ऐकायची, रात्री जाड जाड पुस्तके वाचायची. शरीराला जेवढे हवे तेवढे पोटात जात नव्हते हे उघड आहे. तिसरा प्रश्न धर्माचा. भोवतालची सगळी माणसे चांगली होती, मायाळू होती आणि बहुतेकांची मनातून इच्छा होती की या गुणी मुलीने ख्रिस्ती व्हावे. शिव्या देणाऱ्याला नाही म्हणणे सोपे असते. जेवू घालणाऱ्याला, शिकवणाऱ्याला, आजारात उशाशी बसणाऱ्याला रोज नम्रपणे नाही म्हणत राहायचे, याला फार वेगळे धैर्य लागते. त्याच सुमारास, १८८३ मध्येच, त्यांच्या नात्यातल्या पंडिता रमाबाईंनी इंग्लंडमध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. रमाबाईंचा मार्ग चूक होता असे मी म्हणत नाही. त्यांनी तो विचार करून घेतला. आनंदीबाईंनीही विचार करूनच आपला मार्ग धरला, आणि दोघींचे नाते त्यामुळे तुटले नाही.

चौथी गोष्ट या सगळ्यांपेक्षा अवघड होती. ती म्हणजे गोपाळरावांची पत्रे. ती नेहमीच धीर देणारी नसत. त्यांत संशय असे, टोमणे असत, बायको तिकडे जाऊन बदलली की काय अशी तपासणी असे. हजारो मैलांवर एकट्या राहणाऱ्या मुलीला घरून आलेले पत्र हाच आधार असतो; तेच पत्र बोचू लागले तर तिने कुठे जावे? तेव्हा आनंदीबाईंनी एक उत्तर लिहिले. लहानपणी मला लाकडाने मारलेत, अंगावर वस्तू फेकल्यात, सोडून जाण्याच्या धमक्या दिल्यात. ते त्या वयाला योग्य होते का, आणि हिंदू बायकोला नवऱ्यापुढे बोलण्याचा हक्क नसल्यामुळे मी ते मुकाट्याने सोसले, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. त्याच पत्रात त्यांनी नवऱ्याचे उपकारही नाकारले नाहीत. आपण जे काही झालो ते यांच्यामुळे, हे त्यांना मान्य होते. पण उपकार मानणे वेगळे आणि अन्यायाला न्याय म्हणणे वेगळे, एवढे त्यांना आता कळले होते. मला वाटते, परदेशाने आनंदीबाईंना जे दिले त्यात पदवीइतकेच मोलाचे हे पत्र होते. कल्याणच्या किंवा श्रीरामपूरच्या घरात बसून ते लिहिणे त्यांना जमले नसते.

त्या काळातला त्यांचा एक फोटो प्रसिद्ध आहे. १८८५ च्या ऑक्टोबर महिन्यात महाविद्यालयात काढलेला. त्यात तीन विद्यार्थिनी आहेत : हिंदुस्थानच्या आनंदीबाई, जपानच्या केइको ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबूली. तिघीही आपापल्या देशाच्या पोशाखात आहेत. आनंदीबाई साडीत, अंगावर दागिने. परक्या देशात या तिघींना एकमेकींचा किती आधार वाटला असेल, असे तो पाहताना मनात येते. तिघीही पुढे पदवी घेऊन बाहेर पडल्या. आनंदीबाई सर्वांत आधी.

थंडी, अपुरे अन्न, अभ्यासाचा ताण आणि आधीच खंगलेले शरीर यांचा परिणाम झालाच. प्रकृती ढासळत गेली आणि क्षयाने घर केले. त्या काळी क्षयावर औषध नव्हते. रॉबर्ट कॉख यांनी या रोगाचा जंतू शोधला होता तो १८८२ मध्ये, म्हणजे आनंदीबाई निघण्याच्या जेमतेम एक वर्ष आधी. त्याला मारणारे पहिले प्रभावी औषध १९४३ साली सापडले. क्षय झालेली विद्यार्थिनी वैद्यक शिकत होती, आणि त्या वैद्यकापाशी तिच्यासाठी काही नव्हते.

तरीही अभ्यास थांबला नाही. पदवीसाठी त्यांनी प्रबंध लिहिला तो आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्रावर. पाश्चात्त्य पुस्तकांबरोबर आपल्या जुन्या आयुर्वेदातल्या ग्रंथांचाही त्यात आधार घेतला होता. दहा दिवसांचे बाळ गमावलेल्या आईने अखेर बाळंतपणावरच लिहावे, यात आश्चर्य नाही. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना एम. डी. ही पदवी मिळाली. पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी परदेशात जाऊन घेणारी ही पहिली भारतीय स्त्री. त्या समारंभाला पंडिता रमाबाई मुद्दाम इंग्लंडहून आल्या होत्या. गोपाळरावही तोवर अमेरिकेत पोहोचले होते. व्हिक्टोरिया राणीकडून अभिनंदनाचा संदेश आला. त्याच वर्षी इकडे कलकत्त्यात कादंबिनी गांगुली यांनीही वैद्यकीय शिक्षण पुरे केले. एकीने परदेशात आणि एकीने मायदेशात, हिंदी स्त्रीने हे दार एकाच वर्षी उघडले.

कोल्हापूर संस्थानाने आनंदीबाईंना आपल्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागाच्या प्रमुख डॉक्टर म्हणून नेमले. १८८६ च्या अखेरीस त्या पतीसह मुंबईला उतरल्या. ज्या समाजाने जाताना नावे ठेवली होती त्याने आता स्वागत केले. पण कोल्हापूरची खुर्ची रिकामीच राहिली. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. बावीस वर्षे पूर्ण व्हायला सव्वा महिना बाकी होता. त्यांची रक्षा कार्पेंटर मावशींकडे पाठवण्यात आली. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी गावी, कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत, तिच्यावर आजही शिळा उभी आहे. हिंदू म्हणून गेली आणि हिंदू म्हणून परत आली, अशी ही मुलगी. तिची रक्षा मात्र तिच्या मावशीच्या घरच्या माणसांत विसावली आहे. मला यात विसंगती दिसत नाही. तिने दोन्ही घरे आपली मानली होती.

मग या आयुष्याचा उपयोग काय झाला, असे काही जण विचारतात. त्यांना आपल्या कोल्हापूरच्या विभागात एकही रुग्ण तपासता आला नाही, हे खरे आहे. पण पुढच्याच वर्षी, १८८८ मध्ये, कॅरोलिन डॉल या अमेरिकन बाईंनी त्यांचे चरित्र लिहिले. काशीबाई कानिटकरांनी मराठीत चरित्र लिहिले आणि त्यांची पत्रे जतन केली. पंडिता रमाबाईंचे हिंदू स्त्रीच्या स्थितीवरचे इंग्रजी पुस्तक १८८७ साली निघाले. त्याची प्रस्तावना बॉडलीबाईंची आहे. रखमाबाई १८८९ साली इंग्लंडला वैद्यक शिकायला गेल्या, डॉक्टर होऊन परतल्या आणि त्यांनी सुरतेला व राजकोटला कितीतरी वर्षे बायकांवर उपचार केले. समुद्रापलीकडे जाऊन मराठी बाई डॉक्टर होऊ शकते, हे तोवर सिद्ध झालेले होते. पहिल्याने पाऊलवाट पाडायची असते. तिच्यावरून गाडी न्यायची ती मागून येणाऱ्यांनी.

मित्रमैत्रिणींनो, आपल्यापैकी पुष्कळांच्या घरातून महाविद्यालयात आलेले आपण पहिलेच आहोत. माझ्याही घरात तसेच आहे. डोणगावातली घरची बोली एक आणि वर्गातली पुस्तकी भाषा दुसरी. घरी ‘काहून’ म्हणायचे आणि इथे ‘का’. हे अंतर फिलाडेल्फियाएवढे नाही हे मला कळते. तरी आनंदीबाईंची तीन वर्षे वाचताना वाटले की, प्रश्न त्याच जातीचे आहेत. नव्या ठिकाणी गेल्यावर काय बदलायचे, काय राखायचे आणि कोणासमोर काय बोलायचे? सगळेच टाकून देणारे आपण पाहतो. काहीच न बदलणारेही पाहतो. आनंदीबाईंनी लुगडे बदलले, अन्न राखले, धर्म राखला आणि गप्प बसणे सोडले. प्रत्येक गोष्टीचा निर्णय त्यांनी वेगळा घेतला आणि कारण देऊन घेतला. त्यातल्या एकदोन निर्णयांची किंमत शरीराने मोजली असेल, पण ते निर्णय त्यांचे स्वतःचे होते. ज्या मुलीचे नावसुद्धा लग्नात दुसऱ्याने बदलले, तिने अठराव्या वर्षानंतर आपल्या आयुष्याचे निर्णय आपण घ्यावेत, हा मला त्यांच्या पदवीपेक्षाही मोठा पराक्रम वाटतो.

आपल्या भागातल्या लोकांना लोणारचे सरोवर नवे नाही. आकाशातून पडलेल्या पाषाणाच्या आघाताने ते विवर झाले. शुक्र ग्रहावरही आघाताने झालेली तशी विवरे आहेत आणि त्यांना थोर स्त्रियांची नावे दिली जातात. त्यातल्या एका विवराला आनंदीबाई जोशींचे नाव आहे. पुढच्या वेळी लोणारच्या काठावर उभे राहाल तेव्हा त्यांची आठवण करा. आणि गावातली एखादी मुलगी पुढे शिकायला दूर जायचे म्हणत असेल, तर तिला पत्ता लिहून द्या, गाडीत बसवून द्या आणि तिकडे कोणी ओळखीचे असेल तर कळवून ठेवा. कार्पेंटर मावशींनी एवढेच केले होते.